अकरा तास आणि एक व्हीलचेअर

मंगळवार, ७ नोव्हेंबर, सकाळचे सात वीस
विमानतळ, काचेच्या भिंतीजवळ

धाकटे,

मायना मुद्दाम गाळलाय. 'चि. सौ.' लिहायला हात वळेना, आणि मनात आहे ते लिहिलं तर पोस्टवाले पत्र घेणार नाहीत. फोन का नाही केला असं म्हणशील. फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो. कागदावर मला मधे तोडणारं कोणी नाही. स्कूलचं पॅड उचलून आणलंय, त्यावर आपल्या दोघींचे फोन नंबर आहेत. माझा तू अजून खोडलेला नाहीस, उपकार झाले.

एकवीस दिवस एका घरात राहून तू माझ्याशी 'दूध आलंय' आणि 'बेल वाजतेय' एवढंच बोललीस. आणि माझ्या मुलाशी मात्र तासभर बोललीस, माझ्या पाठीमागे. 'ताईंना आता झेपत नाही, त्यांना तुझ्याकडे ने.' भिंती पातळ आहेत आपल्या घराच्या. सत्तावीस वर्षं जावा म्हणून एकत्र काढली, त्यातली बावीस वर्षं एकत्र ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, अख्ख्या गावाला गिअर टाकायला शिकवलं, आणि शेवटी मला जायचं तिकीट, यायचं नाही. वा!

असो. विमान साडेसहाला उतरलं. पुढचं संध्याकाळी पाच पन्नासला. म्हणजे अकरा तास वीस मिनिटं. चिरंजीवांचा हुकूम असा: आई, खुर्चीतून उठायचं नाही. तिकिटावर व्हीलचेअर टाकलीय, ते लोक तुला विमानाच्या दारात घेतील आणि दुसऱ्या विमानाच्या दारात सोडतील, कुणाला काही विचारावं लागणार नाही. म्हटलं, अरे, मला चालता येतं. तर म्हणे, सगळेच आपल्या आईवडिलांना असंच आणतात, भाषेची अडचण येत नाही. भाषा येत नाही म्हणून पाय काढून घ्यायचे, ही कुठली तऱ्हा गं?

इथे आम्ही नऊ जण आहोत. भिंतीशी ओळीने उभे केलेत. खरोखर न चालता येणारी एकच, कोपऱ्यातली आजी. बाकी आठ ठणठणीत, आपापल्या पोरांच्या सांगण्यावरून लंगडे झालेले. आणि गंमत ऐक, या खुर्चीला ब्रेक आहे, पण तो मागे, ढकलणाऱ्याच्या हाताशी. बसलेल्याचा हात पोचत नाही. बावीस वर्षं दुसऱ्याच्या गाडीचा ब्रेक माझ्या पायाखाली होता, आणि आज माझाच ब्रेक एका निळ्या जाकिटातल्या पोरीकडे. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली.

शेजारी एक मफलरवाले गृहस्थ आहेत. आपल्याच भाषेतले, सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त, जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या. लेकीकडे चाललेत. पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. का, तर बाथरूमला उठावं लागेल, उठलो तर यांना कळेल की मला चालता येतं, आणि मग खुर्ची काढून घेतील. 'मुलीने बजावलंय हो,' म्हणाले. मी म्हटलं, 'घेऊ दे की काढून! डोक्यावर घेऊन नाचायचीय का तुम्हाला?' बिचारे हसले पण उठले नाहीत.

आता मी उठतेय. तू तिकडे घड्याळ बघ, मी किती वाजता उठले ते लिहून ठेवते. सात पंचेचाळीस.

मंगळवार, सकाळचे नऊ
बसमध्ये, अक्षर हलतंय

उठले तशी निळ्या जाकिटातली धावत आली. 'सिट, सिट, मॅडम.' मी म्हटलं, 'नो सिट.' तिने खुर्चीकडे बोट दाखवलं, मी दाराकडे. तिने कागद दाखवला, त्यावर माझं नाव आणि खुर्चीचं चित्र. मी तिच्यासमोर सरळ रेषेत दहा पावलं चालून दाखवली, परत वळले, आणि वर एक पाय उचलून उभी राहिले. पोरगी हसायलाच लागली. मग तिनेच मला एका खिडकीकडे नेलं. ज्यांच्या दोन विमानांमध्ये आठ तासांहून जास्त वेळ आहे, त्यांना शहरात जाऊन यायचा दिवसभराचा परवाना मिळतो. पासपोर्टवर शिक्का मारून देतात. आपल्या पोरांपैकी एकाने तरी हे सांगितलं होतं का कुणाला?

मागे वळून बघते तर मफलरवाले. उभे! म्हणाले, 'बाई, मी आधी जाऊन येतो, मग तुमच्याबरोबर येतो.' पाच मिनिटांनी आले ते वेगळाच माणूस होऊन. दोन पेले पाणी प्यायले आणि शहराचा फुकटचा नकाशा ताब्यात घेतला. मोजणीवाला माणूस, नकाशा हातात आला की त्यांना भाषा लागत नाही.

तर आता आम्ही बसमध्ये. इथे गाड्या रस्त्याच्या उलट्या बाजूने चालतात. पहिल्या वळणाला मी आपसूक पाय दाबला, समोर ब्रेक नसताना. मफलरवाल्यांच्या ते लक्षात आलं. विचारलं, 'गाडी चालवता?' म्हटलं, 'चालवायला शिकवते.' मग सगळंच सांगितलं. आपलं स्कूल, तुझं-माझं, सकाळची साडेसहाची बॅच, आणि एकवीस दिवसांपूर्वीचं ते. नर्सबाई शिकत होती. पेशंटच्या घरी जायला तिला दोन-दोन बस बदलाव्या लागतात, म्हणून गाडी शिकायची होती. पाण्याच्या टाकीचा उतार, समोर हातगाडी, ती घाबरली, ॲक्सिलरेटर दाबला, भिंत आली. तिचं मनगट मोडलं. गाडीचं नाक गेलं. आणि खापर माझ्या वयावर फुटलं.

हे मी सगळ्यांना सांगत आलेय. तू मागच्या सीटवर होतीस. तुझ्यासमोरही सांगितलं. तू काही बोलली नाहीस.

मफलरवाले म्हणाले, 'आणि तुमच्या बाजूचा ब्रेक?' म्हटलं, दाबला होता, पण गाडी फार जोरात होती. त्यांनी मान हलवली आणि नकाशात डोकं घातलं.

मंगळवार, दुपारचे साडेबारा
धुलाईच्या दुकानाबाहेरचा बाक

धाकटे, तू इथे हवी होतीस. म्हणजे रागावलेच आहे मी तुझ्यावर, पण हे बघायला हवी होतीस.

नदीपासून वर जाणारा दगडी रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि चढ असला की आपल्या टाकीचा चढ त्याच्यापुढे पाणी भरेल. त्या चढावर मधोमध एक शिकाऊ गाडी बंद पडलेली. छपरावर पाटी. आत विशीतली मुलगी, घामाघूम, आणि शेजारी मास्तर, हाताची घडी घालून बसलेले. मागे पाच गाड्या. मुलगी गाडी सुरू करी, गाडी दोन हात मागे येई, मुलगी किंचाळे, गाडी बंद. असं तीनदा झालं. मास्तर खिडकीतून बाहेर बघतायत! तू मला ओळखतेस. मी रस्त्यात उतरले.

मफलरवाले 'अहो बाई, अहो बाई' करत राहिले. मी गाडीच्या समोर, जरा बाजूला उभी राहिले. मुलीच्या डोळ्यात डोळे घातले. डावा हात पुढे केला आणि हळूहळू उचलला: क्लच, क्लच, थांब. तिथेच थांब. हाफ क्लच! मराठीतच ओरडत होते मी, दुसरं कुठून आणू? गाडीचं नाक जरा उचललं, आपण म्हणतो ना, गाडी श्वास घेते तशी. उजव्या हाताने दाखवलं: आता सोड ब्रेक, दे थोडं. आणि गाडी निघाली! सुळकन वर गेली. मागच्या पाचही गाड्यांनी हॉर्न वाजवले, पण ते खुशीचे. मुलीने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. मास्तरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मला काय वाटलं ते सांगते, हसू नकोस. वाटलं, हा मुलाचा फोन येईल ना, तर त्याला सांगावं, जिला झेपत नाही म्हणतात ती तुझी आई बघ. छाती अशी फुगली होती की चढ चढताना दम लागला तो त्यानेच.

मग जरा पुढे चपलेचा बंद सैल होऊन चप्पल निसटली, मफलरवाल्यांनी मागे जाऊन आणून दिली. आता दुकानाबाहेर बसलोय. आतून गरम वाफेचा, धुतलेल्या चादरींचा वास येतोय. ते दोन पाव घेऊन आलेत, आत काय आहे ते विचारू नकोस, पण बरं लागलं. सारखे माझ्या पायाकडे बघतात. मला नाही आवडत कोणी असं टक लावून बघितलेलं.

मंगळवार, दुपारचे तीन दहा
विमानतळाकडे परतीची बस

बंद सैल नव्हता.

नवी चप्पल, घट्ट बंद. पायातून निघाली आणि मला कळलं नाही. ओल्या, गार दगडांवरून उघड्या पायाने चालत राहिले आणि मफलरवाल्यांना छाती पुढे काढून हाफ क्लचचं शास्त्र समजावत राहिले. ते जरा मागे होते. चप्पल उचलून आले आणि म्हणाले, 'त्रेचाळीस पावलं.' मोजली होती त्यांनी. जन्माची सवय.

मी म्हटलं, बंद सैल आहे. त्यांनी पाव संपवला, कागदाची नीट घडी घातली, आणि मग अगदी सरकारी आवाजात विचारलं, 'बाई, त्या दिवशी तुमचा पाय नक्की कुठे होता?'

असा राग आला मला! म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? तुम्ही तुमच्या जमिनी मोजा. माझी गाडी, माझा शिकाऊ, तुम्ही होतात का तिथे? ओरडले मी, दुकानातली बाई बाहेर येऊन बघून गेली. ते म्हणाले, 'मी नव्हतो. म्हणून विचारतोय.'

आणि मग रडू आलं. तुझ्यासमोर कधी रडले नाही, हे गेले तेव्हाही नाही, आणि एका परक्या माणसासमोर भर रस्त्यात भोकाड पसरलं. लाज वाटली. पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

आता ऐक. एकदाच लिहिते, परत लिहिणार नाही.

नर्सबाईने ॲक्सिलरेटर दाबला नव्हता. हातगाडी दिसल्याबरोबर तिने पाय उचलला, जसा आपण शिकवतो तसा, आणि माझ्याकडे पाहिलं. पुढचं काम माझं होतं. ब्रेक माझ्या पायाखाली होता. मी दाबला, पूर्ण ताकदीने दाबला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी सुटली. मी माझ्या बाजूचा, ब्रेकशेजारचा क्लच दाबला होता, धाकटे. उतारावर क्लच. ही चूक पहिल्या आठवड्यातल्या पोराने केली असती तर मी त्याला खाली उतरवलं असतं. भिंत येईपर्यंत मी तो दाबूनच धरला होता, कारण माझा पाय मला सांगत होता की हाच ब्रेक. पाय म्हणजे काय, नुसता लाकडाचा ओंडका. उन्हाळ्यापासून बोटं माझी राहिलेली नाहीत. आंघोळीचं पाणी कढत आहे की कोमट ते हात घालून बघावं लागतं. मला माहीत होतं. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की पेडल गेली, आणि पेडल गेली की मी कोण, ते मला ठाऊक नव्हतं.

आणि तू दोन सीटच्या मधून वाकून बघत होतीस, तुझी नेहमीची खोड. तू माझा पाय पाहिलास.

म्हणून तू गप्प बसलीस. माझी चूक झाकलीस, आणि मला तिथून उचलून लांब पाठवायची सोय केलीस. तुला वाटलं, ताईंची अब्रूही राहील आणि कुणाचा जीवही जाणार नाही. विचार वाईट नव्हता, हे मी मान्य करते. पण माझा तुझ्यावर राग आहे. हे सगळं लिहूनही तो गेलेला नाही, तो वेगळा आहे. तू माझ्या तोंडावर म्हणायला हवं होतंस, 'ताई, तो क्लच होता.' मी तुझ्या अंगावर आले असते. हो, आले असते! भांडी आपटली असती, दोन दिवस जेवले नसते. पण तो माझा आणि तुझा मामला होता, घरातला. तू मला भांडायलाही लायक समजली नाहीस. त्याचं मला लागलंय.

आणि आपल्या दोघींच्या या शहाणपणात ती बाई भरडली गेली. मनगटाचं प्लास्टर सांभाळत ती फी परत मागायला नाही आली, ती माफी मागायला आली होती. आठवतंय? दारात उभी. 'बाई, गाडी माझ्या नशिबातच नाही, तुमचं नुकसान केलं मी.' आणि मी तिला म्हटलं, 'होतं असं, घाबरलीस तू.' तू चहा ठेवायला आत गेलीस. आपण दोघींनी तिला तसंच जाऊ दिलं.

बसमध्ये चढताना मफलरवाल्यांनी हात पुढे केला. मी म्हटलं, मला हात नको. मग त्यांनी गळ्यातल्या मफलरचं टोक पुढे केलं. ते धरून चढले.

मंगळवार, संध्याकाळचे पाच
गेटजवळ, साध्या खुर्चीवर

मुलाचा फोन झाला. म्हणजे त्याचे अकरा मिस्ड कॉल होते. खुर्चीवाल्यांनी त्याला कळवलं होतं की तुमची आई जागेवर नाही. 'आई, मला वाटलं तू हरवलीस!' म्हटलं, 'हरवायला मी छत्री आहे का?' मग त्याला बसवून, म्हणजे मी बसून, सगळं सांगितलं. क्लचसकट. चपलेसकट. मग म्हणाला, 'आई, मग तर तू इथेच राहायला हवंस ना.' मी म्हटलं, 'बाळा, माझे पाय बधिर झालेत, डोकं नाही. तुझ्याकडे येतेय, तू म्हणशील त्या डॉक्टरला पाय दाखवते, नातीला पोटभर बघते आणि पंधरा दिवसांनी परत जाते. परतीचं तिकीट आजच काढ. नाही काढलंस तर मी इथेच बसते, इथल्या खुर्च्या बऱ्या आहेत.' सुनेने फोन घेतला आणि म्हणाली, 'आई, बावीस तारखेचं बघते.' सून गुणाची आहे, मी आधी कधी म्हटलं नव्हतं.

तर मी येतेय. आता कान देऊन ऐक. पेडल मी सोडली. हे मी ठरवलंय. तू नाही, माझ्या मुलाने नाही, कुठल्या डॉक्टरनेही अजून नाही. यापुढे शिकाऊच्या शेजारी तू बसायचं. फळ्यावरचा तास माझा, आठचा आकडा मैदानात उभं राहून घेणं माझं, चढावर गाडी उचलायला शिकवणं माझं, रस्त्याच्या कडेला उभं राहून. आज परक्या देशात, भाषा येत नसताना, पाय न लावता उचलून दाखवलीय. स्कूलच्या पाटीवरून माझा नंबर खोडायचा नाही. मला घरात कोपऱ्यात बसवून 'ताई, तुम्ही आराम करा' म्हणालीस तर बघ. आणि यापुढे माझ्याबद्दल काही बोलायचं असेल तर माझ्याशी बोल. ओरडून बोल. मीही ओरडेन.

निळ्या जाकिटातली आत्ता रिकामी खुर्ची घेऊन आली होती. तिला कोपऱ्यातल्या आजीकडे पाठवलं. मफलरवाले गेटच्या रांगेत उभे आहेत, ताठ, पाण्याची बाटली हातात.

सोबत वेगळं पान आहे. ते नर्सबाईचं. घरी जाऊन गुपचूप देऊ नकोस. तिला सकाळच्या बॅचला बोलाव आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. तुझा आवाज चोरटा आहे, जरा घसा खाकरून वाच. मी असते तर मीच वाचलं असतं, पण बावीस तारखेपर्यंत थांबण्याचं मला काही कारण दिसत नाही. तिने आधीच एकवीस दिवस काढलेत.

पत्र इथल्याच पेटीत टाकतेय.

तुझी थोरली जाऊ

सोबतचं पान

नर्सबाई,

हे सगळ्यांसमोर वाचलं जातंय ते माझ्या सांगण्यावरून. धाकटीला बोल लावू नका.

त्या दिवशी चूक तुमची नव्हती. तुम्ही शिकवल्याप्रमाणे पाय उचललात. ब्रेक मारायचा तो मी, आणि मी चुकून क्लच दाबला, म्हणून गाडी सुटली. माझ्या पायांना आता पेडल कळत नाहीत. ते मला ठाऊक असूनही मी तुमच्या शेजारी बसले, आणि नंतर तुम्ही घाबरलात असं गावभर सांगितलं. ते खोटं होतं. तुमचं मनगट माझ्यामुळे मोडलं. माफी मागायला तुम्ही आमच्या दारात आलात आणि मी ती घेतली, त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. ती माफी मी परत करतेय, आणि माझी त्यात घालून.

गाडी तुमच्या नशिबात आहे. तुमचा हात स्टिअरिंगवर हलका आहे आणि आरशात बघायला तुम्हाला सांगावं लागत नाही. असे शिकाऊ मला बावीस वर्षांत मोजकेच मिळाले. प्लास्टर निघालं की शेजारी धाकटी बसेल, तिचे पाय शाबूत आहेत. टाकीच्या उतारावरूनच सुरुवात करा. मी पंचवीस तारखेला सकाळी साडेसहाला टाकीपाशी उभी असेन. तुम्ही आला नाहीत तर तुमच्या घरी येईन, चालत.